डॉर्कस बासची अकरा वाक्यं

मार्लो, १० नोव्हेंबर १८५६

प्रिय किझी,

मागचं पत्र न फोडताच परत आलं. पाकिटावरचं अक्षर तुझ्या नवऱ्याचं होतं, तुझं नव्हतं, म्हणून मी धीर करून पुन्हा लिहितो आहे. जोसायाला सांग, हेही परत पाठवलंत तर मी तिसरं लिहीन. टपालखात्याला आपल्या भांडणाचा कंटाळा येईल, मला येणार नाही.

बातमी एवढीच की मी निवडून आलो. जानेवारीत राज्याच्या विधानसभेत मार्लो परगण्याचा आमदार म्हणून बसेन. बाबा असते तर म्हणाले असते, "लेम्युएल टॅल्कॉट, आधी बुटांना पॉलिश कर." पॉलिश केलं आहे. सफरचंदं यंदा बरी आली. तुझ्या खोलीत मी कायद्याची पुस्तकं ठेवली आहेत. खिडकीजवळची तुझी खुर्ची हलवलेली नाही.

पाच वर्षांपूर्वी तू ज्या कारणाने घर सोडून आयोवाला गेलीस, त्याबद्दल एकदाच लिहितो. 'गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष घेऊ नये' हे कलम मी लिहिलं नव्हतं. ते माझ्या जन्माआधीपासून या राज्याच्या पुस्तकात आहे. मायकेजा बास स्वतःच्या कारखान्याच्या आगीत मेला. आग लावल्याचा आरोप होरेस स्टिकनीवर आला आणि मी त्याचा वकील होतो. बासच्या बायकोला त्या कलमामुळे बोलता आलं नाही, स्टिकनी सुटला. वकिलाने कायदा सांगायचा नाही तर काय सांगायचं?

मी ते कलम पुस्तकातून काढायला निघालो आहे. अजून कुणाला सांगितलेलं नाही. पहिलं तुला.

तुझा भाऊ,
लेम


राजधानी, ८ फेब्रुवारी १८५७

प्रिय किझी,

मागचं पत्र परत आलं नाही. वाचलंस का, ते माहीत नाही. जाळायलाही हातात घ्यावं लागतंच.

विधेयक मांडलं. सगळं मिळून एकच वाक्य होतं: ते कलम रद्द करावं. चिटणिसाने ते वाचलं तेव्हा मागच्या बाकांवर कुणीतरी घोड्यासारखं खिंकाळलं. बार्नाबस क्रल नावाचा एक जाडा गृहस्थ आहे. डुकरांचा व्यापारी, मनाने वाईट नाही, पण सभागृहात आला की त्याला टाळ्या लागतात. तो उठून म्हणाला, "अध्यक्षमहाराज, आज काळ्यांची साक्ष घ्या म्हणतात. उद्या माझ्या डुकरांची घ्या म्हणतील. आणि माझी डुकरं माझ्याविरुद्ध बोलतील, हे मी आत्ताच सांगतो!"

हसण्याचा नुसता कल्लोळ झाला. मलाही क्षणभर हसू आलं. तुझ्यापाशी ते लपवत नाही. मग एका सूचनेसरशी विधेयक बाजूला ठेवलं, म्हणजे गाडलं. सात मिनिटं लागली.

बाहेर व्हरांड्यात क्रलने माझ्या पाठीवर थाप मारली. "टॅल्कॉट, तुमच्यासारखा हुशार माणूस या भानगडीत कशाला पडतो? स्टिकनीला तुम्हीच सोडवलंत ना? त्या खटल्यावर तर निवडून आलात!"

खरं आहे ते. त्या खटल्याने माझं नाव परगण्यात झालं आणि त्या नावावर मतं पडली. मी त्याला म्हटलं, "दोन वर्षांनी पुन्हा मांडणार."

"मांडा की. आम्हालाही करमणूक हवीच."

दोन वर्षांनी पुन्हा मांडणार, किझी.

लेम


मार्लो, २ एप्रिल १८५७

किझी,

तुझं पत्र आलं. पाच वर्षांत पहिलं, आणि एका ओळीचं. 'तू उभा राहिला नसतास, तर न्यायाधीशांनी तिला बोलू दिलं असतं का?'

तीन दिवस त्या ओळीला वळसे घातले. आज सरळ उत्तर लिहितो. हो. दिलं असतं.

तू त्या दिवशी डॉर्कसच्या शेजारी बाकावर होतीस, म्हणून तुला ते मागून दिसलं. मी पुढून पाहिलं. सरकारी वकिलाला कलम माहीत होतं. तरी त्याने तिचं नाव पुकारलं, कारण दुसरा साक्षीदारच नव्हता. आग लागली तेव्हा अख्खं गाव चर्चमध्ये होतं. ती पिंजऱ्यात चढली. न्यायाधीश फेअरबँक कागदांत काहीतरी शोधत बसले. त्या कागदांत शोधण्यासारखं काही नव्हतं. ते वेळ काढत होते. कुणी काही बोललं नाही, तर ते तिला शपथ देणार होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसावं, असं त्या म्हाताऱ्याला वाटत होतं. मला ते स्पष्ट कळलं.

आणि मी उभा राहिलो.

कायदा आपणहून उभा राहत नाही. कुणीतरी उभं राहावं लागतं. तो माणूस मी होतो. वय एकोणतीस, अंगावर नवा कोट, आणि होरेसचा बाप, थोरला स्टिकनी, पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे पाहत होता. गावातली निम्मी कामं त्याच्या हातातून जात होती. मला ती हवी होती.

होरेसने मला कोठडीत काय सांगितलं ते मी तुला लिहिणार नाही. अशिलाचं बोलणं वकिलाच्या तोंडून बाहेर पडत नाही. तेवढं एक इमान मी राखलं आहे. मी ते लिहीत नाही, याचा अर्थ तू लावशील. लाव.

मागे लिहिलं होतं की कायद्यामुळे तिला बोलता आलं नाही. ते खोडतो. माझ्यामुळे बोलता आलं नाही.

लेम


सिनसिनाटी, १९ जून १८५८

प्रिय किझी,

तू उत्तर दिलं नाहीस, पण पाकिटात नुसता डॉर्कसचा पत्ता घालून पाठवलास. मला तेवढं पुरेसं होतं. काल तिच्याकडे गेलो.

कालव्याजवळच्या गल्लीत तिचा कपडे धुण्याचा धंदा आहे. दोन बायका हाताखाली. मी दारात उभा राहिलो, टोपी हातात घेतली. तिने मला लगेच ओळखलं आणि इस्त्री खाली ठेवली नाही.

"काय हवंय, वकीलसाहेब?"

"डॉर्कस, मी माफी मागायला..."

"मिसेस बास म्हणा."

"मिसेस बास, मी माफी मागायला आलो आहे."

"तिचं मी काय करू? तिला इस्त्री करू?"

हाताखालच्या बायका खाली माना घालून हसल्या. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या, आणि त्या इस्त्रीच्या नव्हत्या. तरी मी विधेयकाबद्दल सांगितलं. तिने एक सदरा पुरा केला, घडी घातली, मग म्हणाली, "म्हणजे होरेस स्टिकनीला पुन्हा उभा करता येईल?"

"नाही. एकदा सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा भरता येत नाही."

"मग कायदा कुणासाठी बदलताय?"

"पुढच्यांसाठी."

तिने दुसरा सदरा ओढून त्यावर पाणी शिंपडलं. मग म्हणाली, "इथे ओहायोत मी साक्ष दिली, मागच्या वर्षी. एका गाडीवाल्याने रस्त्यात बाई चिरडली. गोरा होता. न्यायाधीशांनी मला विचारलं, काय पाहिलंस? मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. डोळे तेच, तोंड तेच. राज्याची हद्द ओलांडली तेवढ्यात मी खरी झाले."

तिने गार झालेली इस्त्री शेगडीवर ठेवली आणि दुसरी उचलली.

"पुढच्यांसाठी बदला," ती म्हणाली. "पण माझं मला सांगू द्या. त्या दिवशी जे सांगायला मी पिंजऱ्यात चढले होते, ते. मी सांगते, तुम्ही लिहा. आणि तुमच्या त्या सभागृहात उभं राहून मोठ्याने वाचा. जिथे उभं राहायची तुम्हाला एवढी हौस आहे."

किझी, हे वाचलं तर परगण्यात माझी वकिली संपेल. वकील आपल्याच जुन्या अशिलाविरुद्ध उलटला, असंच सगळे म्हणतील. मी तसं तिला सांगितलंही.

"हो का?" ती म्हणाली. "माझा नवरा संपला."

मी तिथेच पाटावर बसून लिहून घेतलं. तिने एकेक वाक्य मनात तासून ठेवलेलं होतं. सात वर्षं ठेवलेलं. तू मागशील असं वाटलं, म्हणून नक्कल देतो.

'मी डॉर्कस बास, मायकेजा बासची बायको. रविवार होता आणि चर्चची घंटा होऊन गेली होती. मी मागच्या अंगणात शेंगा सोलत बसले होते. होरेस स्टिकनी आमच्या पिंपांच्या कारखान्यात मागच्या दाराने शिरला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दिव्याच्या तेलाचा रिकामा डबा होता. त्याने मला पाहिलं. मी त्याला नावाने हाक मारली. तो पळाला नाही, चालत गेला. माझा नवरा हत्यारं काढायला आत धावला. छप्पर त्याच्यावर कोसळलं. मी जे पाहिलं ते उजेडात पाहिलं.'

अकरा वाक्यं. खाली तिने स्वतः सही केली. अक्षर तुझ्या वळणाचं आहे. तिला लिहायला तूच शिकवलंस हे तिने आवर्जून सांगितलं. माझ्याबद्दल काही बोलली नाही.

लेम


राजधानी, १७ फेब्रुवारी १८५९

प्रिय किझी,

वाचलं.

विधेयक दुसऱ्यांदा आलं तेव्हा बाकं भरलेली होती, करमणूक होणार म्हणून. मी भाषण केलंच नाही. म्हटलं, "एका नागरिक बाईचा अर्ज आहे, तो वाचतो," आणि सुरुवात केली. तिसऱ्या वाक्यापर्यंत कुजबुज चालू होती. चौथ्याला होरेसचं नाव आलं आणि दोघं-तिघं एकदम ओरडले, "खटला केव्हाच निकालात निघालाय!" अध्यक्षांनी हातोडा आपटला, पण कुणाला गप्प करायचं ते त्यांना ठरवता येईना. मी आवाज चढवला नाही. अकरावं वाक्य संपलं तेव्हा शेगडीतली लाकडं तडतडत होती, तेवढाच आवाज होता.

मग क्रल उठला. "सन्माननीय सभासदांनी सांगावं, हे सगळं तिने तेव्हाच कोर्टात का नाही सांगितलं? आक्षेप घेतला तरी कुणी?"

त्याला उत्तर माहीत होतं. मला खाली बसवायला तेवढं पुरेल, असं त्याला वाटलं.

"मी घेतला," मी म्हणालो. "न्यायाधीश तिला बोलू देणार होते. मी उठून तिचं तोंड बंद केलं. त्याबद्दल परगण्याने मला हुशार म्हटलं, जेवायला बोलावलं, आणि या खुर्चीत बसवलं. या कलमाने काय होतं ते या सभागृहात माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. ते मी वापरलेलं आहे."

क्रल बसला. यावेळी कुणी खिंकाळलं नाही.

तरी हरलो. एकतीस विरुद्ध अठ्ठावन्न. पण मागच्या वेळी मोजण्याइतकंही कुणी नव्हतं, आणि त्या एकतिसांत दोन माणसं अशी होती की ज्यांची नावं ऐकून मी वळून पाहिलं.

लेम


मार्लो, ३० ऑक्टोबर १८६०

प्रिय किझी,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तुमच्या आयोवातल्या गुलामगिरीविरोधी सभेत तू ती अकरा वाक्यं वाचलीस, हे मी मिसेस बासना कळवलं.

इकडचं सांगतो. निवडणूक हरलो, सपाटून. थोरल्या स्टिकनीने घरोघर माणसं फिरवली. दिवाणखान्याच्या दोन काचा फुटल्या, त्या मी बदलल्या. कामं आटली, आता बहुतेक मृत्युपत्रं करतो, कारण मरायला टेकलेल्याला गावाची भीती उरत नाही. होरेस रस्त्यात समोर आला की बाजूला होतो. मी होत नाही.

पण सांगायची गोष्ट वेगळी आहे. मिसेस बासनी सभागृहाचं छापील वृत्त मागवलं आणि वाचून मला लिहिलं: 'मी अकरा सांगितली होती. इथे दहा आहेत. चौथं कुठे गेलं?'

चौथं, म्हणजे होरेसच्या नावाचं. मी राजधानीला जाऊन चिटणिसाला गाठलं. सभ्य माणूस, आवाज मऊ. म्हणाला, "टॅल्कॉटसाहेब, छापताना एखादी ओळ निसटते."

"नेमकी तीच निसटली?"

"आता तुम्ही सभासदही नाही. कशाला उकरून काढता?"

मी रोज सकाळी त्याच्या कचेरीसमोर बाकावर जाऊन बसू लागलो. सोबत भाकरी, डुकराच्या मांसाचा तुकडा आणि वर्तमानपत्र. भांडलो नाही. तो आला की उठून नमस्कार करायचो, गेला की करायचो. अकराव्या दिवशी म्हणाला, "तुम्हाला दुसरा उद्योग नाही का हो?"

"नाही. स्टिकनींच्या कृपेने सगळा वेळ मोकळा आहे."

शुद्धिपत्र छापून निघालं. चौथं वाक्य जिथल्या तिथे बसलं. एक प्रत मिसेस बासना पाठवली. त्यांचं उत्तर आलं: 'आता मोजलं. बरोबर आहे.'

लेम


राजधानी, २१ डिसेंबर १८६५

प्रिय किझी,

झालं.

मधल्या पाच वर्षांत काय काय झालं ते तुला वेगळं सांगायला नको. युद्ध सगळ्यांच्या घरावरून गेलं. मी बासष्टला हरलो, चौसष्टला जेमतेम निवडून आलो. मतं देणाऱ्यांत काही बाप असे होते की ज्यांची मुलं दक्षिणेत काळ्या पलटणींच्या खांद्याला खांदा लावून लढली आणि तसं त्यांनी घरी पत्रांतून लिहिलंही होतं.

या विशेष अधिवेशनात चौथ्यांदा विधेयक मांडलं. मधे एकदा माझ्याऐवजी दुसऱ्याने मांडून पाहिलं होतं, तेही पडलं होतं. यंदा भाषणं लांबली. त्यांतली निम्मी मागच्याच वेळची होती. नावं पुकारायला सुरुवात झाली तेव्हा मी पेन्सिलीने रेघा ओढत होतो. क्रलचं नाव आलं. तो आता थकला आहे, काठी घेऊन उभा राहतो. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "बाजूने," म्हणाला आणि बसला. नंतर व्हरांड्यात मी हात पुढे केला तर म्हणाला, "आभार मानू नका. ती बाई माझ्या डोक्यातून जात नाही. शेंगा सोलत बसलेली. सहा वर्षं झाली हो."

राज्यपालांची सही आज दुपारी झाली. काळ्या साक्षीदारांवरच्या काही अटी मागे राहिल्या आहेत, त्यांच्याही मागे लागायचं आहे. पण ते कलम गेलं.

तारघरातून मिसेस बासना तार केली. तासाभरात उत्तर आलं. तारेचे शब्द मोजून द्यावे लागतात, तरी त्यांनी दोन वाक्यं पाठवली: 'उशीर झाला. थांबू नका.'

मी रडलो नाही. चाळीस-पंचेचाळीस माणसं रांगेत उभी होती. बाहेर येऊन मग.

लेम


मार्लो, २४ मे १८६६

प्रिय किझी,

तू पुढच्या महिन्यात येतेस हे वाचून पुस्तकं तुझ्या खोलीतून हलवायला घेतली आहेत. जोसायाला म्हणावं, पाठ दुखत असेल तर बोटीने या, गाडीने नको.

त्याआधी कालची हकिकत.

नव्या कायद्यानंतर आपल्या कोर्टात पहिला काळा साक्षीदार काल उभा राहिला, आणि तो माझ्याविरुद्ध उभा राहिला. म्हणजे माझ्या अशिलाविरुद्ध. माझा अशील क्लेम डॉब्स, घोड्यांचा दलाल. त्याने एका शेतकऱ्याला घोडी विकली आणि आठवड्यात ती लंगडायला लागली. डॉब्स शपथेवर म्हणतो, विकली तेव्हा धडधाकट होती. शेतकऱ्याच्या वकिलाने ऑस्टिन हॉकिन्सला बोलावलं. हा नाल ठोकणारा. काळ्या पलटणीत होता, डाव्या हाताची दोन बोटं तिकडेच ठेवून आला आहे.

कोर्ट भरलं होतं. निम्मी माणसं ऑस्टिनकडे पाहत होती, निम्मी माझ्याकडे. मी त्याची सौम्य चौकशी करून मोकळा होईन, असं बहुतेकांना वाटलं असावं. तसं केलं असतं तर तो त्याचा अपमान झाला असता. साक्षीदार म्हटलं की उलटतपासणी आलीच. मी पुरती घेतली.

"विक्रीच्या आधी घोडी पाहिलीस?"

"पाहिली. पुढच्या उजव्या खुरात कूज होती. डॉब्ससाहेबांना तिथल्या तिथे दाखवली."

"दुसरं कुणी होतं तिथे?"

"घोडी होती."

लोक हसले. मी थांबलो नाही. "घोड्यांच्या रोगांचं शिक्षण कुठे घेतलंस?"

"कुठेच नाही, साहेब."

"मग तुझ्या शब्दावर या बारा जणांनी विश्वास का ठेवावा?"

त्याने जरा विचार केला. "पलटणीतून परत आल्यापासून तुमच्या घोडीला मीच नाल ठोकतो, साहेब. मागच्या शरदात मी म्हटलं, हिला तीन आठवडे जुंपू नका. तुम्ही विचारलंत का, शिक्षण कुठे घेतलंस म्हणून?"

"नाही."

"जुंपलीत?"

न्यायाधीश म्हणाले, "साक्षीदाराने वकिलाला प्रश्न विचारू नयेत." पण ते रुमालात तोंड लपवत होते.

मी तारखा विचारल्या, अंतर विचारलं, उजेड किती होता विचारलं, डॉब्सशी जुनं भांडण आहे का विचारलं. सगळ्या बाजूंनी ठोकून पाहिलं, कुठेही पोकळ वाजलं नाही. शेवटी म्हणालो, "माझे प्रश्न संपले," आणि बसलो. ज्युरी आत गेली, आणि कॉफी गार व्हायच्या आत परत आली. शेतकऱ्याच्या बाजूने निकाल.

डॉब्सने पायऱ्यांवर मला गाठलं, लालबुंद होऊन. "तुम्हीच तो कायदा बदललात आणि मलाच बुडवलंत! वकील आहात की वैरी?"

"तुला बुडवलं ते खुराने," मी म्हणालो. "आणि तू मला खोटं सांगितलंस, त्याने."

हॉकिन्स माझ्या शेजारून गेला तेव्हा त्याने टोपीला हात लावला. मीही लावला. तो थांबला नाही. दुकानात कुणाचा तरी घोडा खोळंबला होता.

घरी आल्यावर आधी मिसेस बासना लिहिलं, मग तुला लिहायला बसलो. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत नावाजलेला खटला मी जिंकलेला आहे, तो कुठला ते तू जाणतेस. कालचा हरलो, किझी. समोरचा माणूस खरं बोलत होता, आणि ते बाराच्या बारा जणांनी ऐकलं.

तुझा,
लेम